वजनाची वही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



एअरोस्पेसला प्रवेश घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे. कॉलेज कोणतं चांगलं, पवई की तिरुअनंतपुरम, पुढे इस्रो की परदेश, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यात शिरत नाही. मला दिलेल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट सांगायची आहे. पहिल्या सत्रापासून वजनाची वही ठेवा.

साधी दोनशे पानी वही चालेल. आपण जे काही बनवतोय, मग ते बाल्साच्या लाकडाचं छोटं विमान असो की नुसतं कागदावरचं डिझाइन, त्यातल्या प्रत्येक भागासमोर तीन रकाने आखायचे. ठरवलेलं वजन, हिशोबाने आलेलं वजन आणि काट्यावर भरलेलं वजन. तिसरा रकाना भरायचा कंटाळा करायचा नाही. सगळं शिक्षण त्या तिसऱ्या रकान्यात आहे.

हल्ली दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही संगणकावर पंखाभोवतालच्या हवेचं रंगीत चित्र काढता येतं. दाब कुठे जास्त, प्रवाह पृष्ठभाग सोडून कुठे सुटतो, सगळं दिसतं. मला त्याचं कौतुक आहे. पण मी विचारते, "पंखाचं वजन किती भरलं?" की सगळे एकमेकांकडे बघतात. "मॅडम, मटेरियल टाकलं की सॉफ्टवेअर सांगतं." सांगतं ना. पण त्यात गोंद धरलेला नसतो. वायरी धरलेल्या नसतात, स्क्रू नसतात, वरून लावलेली फिल्म नसते. स्पर्धेच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत जोड मोडला म्हणून ओतलेला गोंद तर कुठल्याच सॉफ्टवेअरला ठाऊक नसतो.

रंगाचंच घ्या. अमेरिकेच्या स्पेस शटलची ती मोठी बाहेरची टाकी आपण फोटोत नारिंगी पाहतो. 1981 सालच्या पहिल्या दोन उड्डाणांत ती पांढरी होती. नंतर रंग द्यायचाच नाही असं ठरलं आणि सुमारे 270 किलो वाचले. नुसत्या रंगाचे 270 किलो! वहीत रंगाचीही ओळ असली, तरच असं वजन सापडतं.

आता वजनाचा एवढा घोर का, ते सांगते. वैशाखात गड चढायचा आहे आणि वरचं टाकं आटलेलं आहे असं समजा. पाणी पाठीवरून न्यायला हवं. वर पोचल्यावर एक लिटर हवं, म्हणून एकच लिटर घेऊन निघून भागत नाही, कारण चढताना तहान लागणार. मग तीन लिटर घ्या. पण तीन लिटरच्या ओझ्याने घाम जास्त येतो, तहान वाढते, म्हणून आणखी एक. त्या आणखी एकासाठी आणखी थोडं. वर हवं एक लिटर आणि पायथ्याशी पाठीवर डोंगर. रॉकेटचं दुखणं हेच आहे. इंधन उचलायला इंधन लागतं, आणि तेही उचलायला पुन्हा इंधन लागतं.

रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी 1903 मध्ये हे समीकरणात मांडलं. तुम्ही ते पाठ केलेलं असेल, पण त्यात आकडे घालून बघा. नळकांड्यातून सुटणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या आसपास. कक्षेत पोचायला, हवेचा आणि गुरुत्वाचा तोटा धरून, सेकंदाला 9 किलोमीटरहून जास्त वेग कमवावा लागतो. म्हणजे वर नेलेल्या प्रत्येक किलोमागे जमिनीवर 20 किलोहून अधिक, आणि त्या वरच्या किलोत टाकी आणि इंजिनही आलं! आपला पीएसएलव्ही त्याच्या मोठ्या रूपात सुमारे 320 टनांचा. तो ध्रुवीय कक्षेत पोचवतो पावणेदोन टन. मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 रोजी निघालं तेव्हा 1337 किलोचं होतं, त्यात 852 किलो इंधन. ज्या विज्ञानासाठी ही सारी यातायात, ती पाच उपकरणं मिळून सुमारे 15 किलोंची.

पुन्हा गडावर या. अर्ध्या वाटेवर एक कॅन रिकामा झाला, तर तो झाडाखाली ठेवून पुढे जाता, परतताना उचलता. रॉकेटचे टप्पे याचसाठी असतात. आणि यातूनच एक गोष्ट निघते, तिच्याकडे मुलांचं लक्ष नसतं. पायथ्याजवळ टाकून द्यायच्या कॅनमध्ये पावशेर जास्त असलं तरी फारसं बिघडत नाही, पण शिखरापर्यंत न्यायच्या पिशवीतली प्रत्येक वस्तू पूर्ण चढभर तुमच्या खांद्यावर असते. शेवटच्या टप्प्यात एक किलो वाढला की उपग्रहाचा एक किलो गेलाच. पहिल्या टप्प्यात वाढला तर नुकसान त्याच्या लहानशा अंशाएवढं. म्हणून वहीत नुसतं वजन लिहून पुरत नाही. ते कुठपर्यंत जायचं आहे, तेही त्याच ओळीत लिहा.

चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या यानात बसायला आसनं नव्हती, हे किती जणांना माहीत आहे? सुरुवातीच्या आराखड्यात होती. अभियंत्यांनी ती काढली आणि अंतराळवीरांना उभं केलं. उभा माणूस खिडकीच्या जवळ येतो, म्हणून खिडक्याही लहान करता आल्या आणि काचेचं वजन वाचलं. ही बुद्धी मला मुलांमध्ये हवी आहे. आसन हलकं कसं करू, हा प्रश्न दुसरा. आसन हवंच का, हा पहिला.

तुम्ही म्हणाल, हे नासाचं झालं. मग पुण्यातलं सांगते. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह बनवला. 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी 34 ने तो वर गेला. वजन एक किलोच्या आत! एवढ्याशा डब्यात रेडिओ, बॅटरी, सौर पट्ट्या, सगळं. उपग्रहाची दिशा सांभाळायला फिरती चाकं बसवली असती तर वजनही गेलं असतं आणि वीजही. त्यांनी आत चुंबक ठेवले, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच त्याला वळवून धरतं. ज्याला ग्रॅमची चणचण असते त्यालाच असं सुचतं. आणि ग्रॅमची चणचण आहे हे कळायला आधी ते मोजलेले असावे लागतात. म्हणून पुन्हा सांगते, वही.

आणि वहीतल्या प्रत्येक आकड्यापुढे एकक हवं. यावर मी रागावते आणि रागावणार. उत्तरपत्रिकेत आकडा असतो, त्यापुढे किलो की न्यूटन, काही नसतं. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका नव्या कोऱ्या बोइंग 767 मध्ये 22,300 किलो इंधन हवं होतं. लिटरचे किलो करताना गुणक वापरला गेला तो पौंडांचा. विमान 22,300 पौंड घेऊन उडालं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. 41,000 फुटांवर इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद. वैमानिकाला ग्लायडरचा सराव होता, म्हणून गिम्ली इथल्या जुन्या हवाईतळावर ते तरंगत उतरवता आलं आणि सगळे वाचले. गणित करणारी माणसं अडाणी नव्हती, अनुभवी होती. तेव्हा आकड्यापुढे एकक लिहिलं नाही तर मी गुण देत नाही, याबद्दल घरी तक्रार करू नका.

मला खूण होते आहे, वेळ थोडा उरला आहे. गुरुत्वमध्याबद्दल सविस्तर बोलायचं होतं. निदान एवढं ऐका. शेपटीवर सांडलेला एक ग्रॅम गोंद एका ग्रॅमवर थांबत नाही. शेपटी लांब, नाक आखूड. तोल साधायला नाकात तीन-चार ग्रॅम शिसं भरावं लागतं. तेव्हा वहीत आणखी एक रकाना, नाकापासूनच्या अंतराचा. आणि विमान दुप्पट मोठं केलं की पंखाचं क्षेत्र चौपट होतं पण वजन आठपट, हेही... असो, ते वर्गात.

डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं नाव मात्र घेते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलं. बंगळूरला विज्ञान संस्थेत विमानविद्या शिकवली आणि तिथेच हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 हे प्रशिक्षण विमान घडवलं. 1951 मध्ये ते उडालं. समीकरण मांडणारा आणि कारखान्यात उभा राहणारा माणूस एकच होता. तुम्हाला समीकरणं येतात, त्यात शंका नाही. काट्यापाशी उभं राहायला या.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलं सुट्टीला घरी आली की किती टक्के पडले, प्लेसमेंटला कोण येतं, हे विचारताच. त्याबरोबर एवढंही विचारा, "तुमचं विमान किती भरलं, आणि ठरवलं होतं किती?" उत्तर ग्रॅममध्ये आलं पाहिजे.