टेस्टमध्ये न विचारले जाणारे प्रश्न

(मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



मोटार शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी बंद पाडतो. आठवड्याभरात तो गल्लीत वळू लागतो, चढावर हाफ क्लच सांभाळतो आणि काही दिवसांनी आरटीओच्या मैदानावर रिव्हर्स घेऊन दाखवतो. पक्के लायसन्स हाती येते. पुढच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चढतो आणि काटा पहिल्यांदा शंभरावर जातो, तेव्हा शेजारी प्रशिक्षक नसतो. शिकताना त्याची गाडी चाळिशीच्या पुढे बहुधा गेलेलीच नसते.

ड्रायव्हिंग स्कूल गाडी हलवायला शिकवते. रस्त्यावर माणसे ज्या कारणांनी मरतात, ती कारणे मात्र शिकवणीच्या बाहेर राहतात. या परिषदेने विचार करायचा तो याचाच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदले गेले. हा रकाना भरायला सोपा आहे. चालकाची डुलकी, हातातला फोन, पुढच्या गाडीला चिकटून चालवण्याची सवय, यांतले किती काही त्यात मिसळून जात असेल, हे प्रत्येक जाणत्या चालकाने मनाशी ताडून पाहावे.

तरीही सुरुवात वेगापासूनच करावी लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २८ मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी उभी राहायला आणखी पन्नासेक मीटर लागतात, म्हणजे सगळे मिळून ऐंशीच्या आसपास. आता त्याच जागी १२० च्या वेगातली गाडी आहे असे समजा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे ही दुसरी अजून ताशी सत्तरच्या पुढे धावत असते. वीस किलोमीटरचा हा फरक शिकणाऱ्याला कुणी कागदावर मांडून दाखवत नाही. त्याला फक्त ‘सावकाश चालव’ म्हणतात, आणि तो मान डोलावतो.

अंतराचेही तसेच. पुढच्या गाडीने रस्त्याकडेचा एखादा खांब ओलांडला की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे मोजायला सुरुवात करावी. मोजणी संपण्याआधी आपली गाडी त्या खांबापाशी पोहोचली, तर अंतर कमी आहे. पावसात एक-दोन आकडे वाढवावेत. एवढे अंतर ठेवले की मधे कुणीतरी घुसते, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावे, आणि पुन्हा मागे सरावे. डावीकडून ओव्हरटेक करणारा, लेन सोडून नागमोडी पळणारा घाटाखाली पोहोचतो तेव्हा पुष्कळदा मोजून पाच-सात मिनिटेच पुढे असतो.

४ सप्टेंबर २०२२ चा अपघात बहुतेकांना आठवत असेल. अहमदाबादहून मुंबईकडे येणारी मर्सिडीज पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या सीटवरचे उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या, वेळ दुपारची होती. बेल्ट न लावलेला माणूस टक्कर झाल्यावरही गाडीच्या आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि मागे बसलेला असेल तर स्वतःबरोबर पुढच्या सीटवरच्यालाही चिरडू शकतो. मागच्या सीटवरही बेल्ट कायद्याने सक्तीचा आहे. त्याच वर्षी बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसे देशात अपघातांत दगावली आणि त्यांतली निम्मी चालक नव्हती, प्रवासी होती.

आपल्याकडे आजीला बेल्टशिवायच मागे बसवतात, बेल्टची क्लिप सीटमागे अडकवून बीप बंद करतात आणि तान्ह्या मुलाला आई पुढच्या सीटवर मांडीवर घेते. पन्नासच्या वेगातल्या धडकेतसुद्धा ते मूल कुणाच्याही हातांत टिकत नाही. हे सांगताना प्रशिक्षकाने संकोच करू नये. घरातल्या मोठ्यांना राग आला तरी सांगावे.

झोपेबद्दल तर आपण बोलतच नाही. सकाळच्या बैठकीसाठी, लग्नासाठी, दवाखान्यासाठी रात्रभर गाडी चालवत जाणे यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. १४ ऑगस्ट २०२२ ला पहाटे पाचच्या सुमारास राजकीय नेते विनायक मेटे यांची गाडी द्रुतगती मार्गावर पुढच्या अवजड वाहनावर आदळली, आणि ते गेले. मुंबईतल्या बैठकीसाठी त्यांनी मराठवाड्यातून रात्रभर प्रवास केला होता. त्या चालकाला डुलकी लागली होती, असे कुणी परस्पर ठरवू नये. पण मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंत शरीर झोप मागतेच, आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर ती अधिक पटकन येते. १२० च्या वेगात तीन सेकंद डोळे मिटले की गाडी शंभर मीटर आंधळी धावते. काच खाली करून किंवा गाणी मोठी करून झोप जात नाही. गाडी फूड प्लाझावर किंवा पेट्रोल पंपावर नीट उभी करून वीस मिनिटे झोपावे, हाच उपाय.

टायरची हवा गार टायरवर तपासावी, झिजलेले टायर घेऊन महामार्गावर जाऊ नये, घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नये आणि ज्या गिअरवर चढली असती त्याच गिअरवर उतरवावी: हे जुने चालक जाणतात, नवे जाणत नाहीत.

सुधारणा होते, याचा पुरावा याच राज्यात आहे. द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे गेली होती. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवले, उभ्या वाहनांवर आणि वेगावर नजर ठेवली. २०१९ मध्ये हा आकडा ९२ वर आला. रस्ता सुधारणे त्यांचे काम होते. चालक घडवणे या सभागृहाचे आहे.

म्हणून आवाहन एकच. प्रत्येक शिकाऊ चालकाच्या शिकवणीतले शेवटचे दोन तास महामार्गासाठी राखून ठेवा. मागच्या सीटवर त्याच्या घरचे एक माणूस बेल्ट लावून बसवा, शिकणाऱ्याकडून अंतर मोजून घ्या, पावसाळ्यात एकदा ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून दाखवा. येत्या तुकडीपासूनच हे सुरू करा.