तंजावरची भिंत

मी बेळगावचा. गेल्या वर्षी तंजावरला जाऊन आलो. पाट्या तमिळ, बोलणं तमिळ. बस विचारायची तरी हातवारे. केळीच्या पानावर भात-सांबार जेवून बृहदीश्वराच्या देवळात गेलो. तिथं भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला. ती बाळबोध अक्षरं बघून ऊर भरून आला.

मी पुटपुटत वाचत होतो. शेजारचे एक आजोबा एकदम मराठीत बोलले. हेल तमिळ, शब्द जुने, पण मराठीच. पिढ्यान्‌पिढ्या घरात हीच भाषा आहे म्हणाले. मग हळूच म्हणाले, बोलता येतं, वाचता येत नाही. तुम्ही जरा मोठ्यानं वाचा. मी अडखळत वाचलं. ते हात जोडून ऐकत राहिले.

मंडळी, आपण पाटीसाठी भांडतो, भांडलंच पाहिजे. पण माझा नातू घरी मराठी बोलतो आणि त्याच्या शाळेत मराठी नाही. उद्या आपल्याच गावची पाटी त्याला कुणी वाचून दाखवायची का?

परत आलो आणि अंकलिपी आणली. रोज दिवेलागणीला आम्ही दोघं बसतो. तुमच्या घरी कोण बसतंय?