घडणावळ

(मेहरूण, जळगाव इथे बचत गटातल्या मैत्रिणींसमोर केलेलं भाषण)



तुमच्या मेहरूणच्या बोरांना नाव आहे. शेतकीच्या पुस्तकात बोराची एक जातच 'मेहरूण' म्हणून लिहिलेली असते. संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाणासाठी ही बोरं घेताना कोणी म्हणत नाही, झाडाला आपोआप लागतात, मग पैसे कशाचे? पण त्याच बाळाचा हलव्याचा मुकुट, बासरी, बाजूबंद विकत घेताना हमखास ऐकू येतं, "एवढे कसे? तुम्ही तर हौसेनं करता ना!"

आज मला या हौसेबद्दल बोलायचं आहे.

हौस खरी आहे, ती मी नाकारत नाही. मंद आचेवर परात ठेवायची, तिळावर नाहीतर साबुदाण्यावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात. तासन् तास बसल्यावर दाण्याला काटा फुटू लागतो, तेव्हा बाई स्वतःशीच हसते. आता पुष्कळजणी हलवा तयार आणतात, त्यात काही वावगं नाही. खरं काम पुढेच आहे. दाण्यात सुई घातली तर तो फुटतो, म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. एका हाराला किती गाठी लागतात, मोजा कधीतरी. शिवाय हे सगळं घरातली जेवणं उरकून, भांडी घासून झाल्यावर. बायकांची हौस नेहमी रात्री दहानंतरच का सुरू होते, हाही एक प्रश्नच आहे.

आपलं जळगाव सोन्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध. सराफाकडे गेलं की सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. आपण घासाघीस करतो, पण कारागिराचा हात फुकट आहे असं सराफाला तोंडावर म्हणत नाही. मग साखरेच्या दागिन्याला घडणावळ का नाही?

आपण हिशेब मांडू. समजा, नव्या सुनेचा पूर्ण संच आहे: हार, मंगळसूत्र, नथ, बांगड्या, कमरपट्टा आणि जावयाचा नारळ. विकला ६०० रुपयांना. हलवा, पुठ्ठा, सोनेरी कागद, दोरा, डबा मिळून खर्च ३५० रुपये. उरले २५०. तीन रात्री, रोज तीन तास, म्हणजे नऊ तास. तासाला २८ रुपयेसुद्धा पडले नाहीत. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागा, तासाला ३९ येतात. मातीकामाला जो दर आहे, तेवढाही या नाजूक कामाला नाही. आणि विचारलं तर आपणच सांगतो, "टाइमपास आहे वो ताई."

भाचीच्या पहिल्या संक्रांतीला केलेला संच हौसेचा. त्याचे पैसे घ्या असं मी म्हणणार नाही. पण दुकानदार चाळीस संचांची ऑर्डर देतो, रंग तो ठरवतो, तारीख तो ठरवतो, आणि एक दाणा निखळला तर पैसे कापतो. ती हौस कशी? ते काम आहे. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याला मंजुरी दिलेली नाही. तरी आपल्याकडे २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, दुसऱ्यासाठी मोबदल्यावर घरी माल तयार करणारीला कामगारच म्हटलं आहे, कच्चा माल कोणीही दिलेला असो. २०२१ पासून ई-श्रमवर नोंदही होते. तुमच्यापैकी किती जणींची झाली आहे? तिथे व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' सांगून परत येऊ नका.

पैशाचं झालं. आता मानाचं.

हलव्याचं मंगळसूत्र बांधणाऱ्यांत नवरा गेलेल्या बायाही असतात. त्यांच्या हातचं मंगळसूत्र नव्या सुनेला चालतं, पण हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांना जात नाही. गेलंच तर त्या आत स्वयंपाकघरात. हे मला दर संक्रांतीला टोचतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला परिपत्रकानं सुचवलं. पण जळगाव शहरात राहणाऱ्या आपल्याला ग्रामपंचायतीची वाट बघायची गरज नाही. आमंत्रणाची यादी आपणच करतो. या वेळी गटाच्या तिळगुळाला दागिने करणारी प्रत्येक जण पुढच्या रांगेत बसेल, वाण घेईल आणि देईलही. सासूबाई काय म्हणतील, असं कोणी म्हणणार असेल तर सासूबाईंनाही घेऊन या. पुष्कळदा त्यांच्या मनातही तेच असतं, कोणी विचारलेलं नसतं एवढंच.

मी वह्या आणल्या आहेत. चार रकाने आखलेत: सामान, तास, घडणावळ, विक्री. मार्गशीर्षात ऑर्डरी यायला लागतात, तेव्हा पहिल्या गाठीपासून तास लिहा. घडणावळीचा दर प्रत्येकीनं वेगवेगळा ठरवला तर दुकानदार सगळ्यात स्वस्त बाईकडे जाईल, म्हणून तो दर आज इथेच बसून ठरवू. चहा येतोय तोवर सुरुवात करू या. तासाला किती, बोला.