पांढऱ्या वाटा आणि आपली पाणंद

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आज आम्ही सायकलीवर बोलणार, हे कळल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले. हसा. ती सायकल कोणत्या वाटेवरून चालते, तेवढे ऐकून घ्या म्हणजे झाले.

इटली देशात टस्कनी म्हणून प्रांत आहे. त्यातल्या फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला डोंगराळ मुलूख म्हणजे कियांती. द्राक्षाच्या तांबड्या दारूसाठी जगभर नावाजलेला. या दारूच्या मुलखाची हद्द तिथल्या राजाने १७१६ सालीच आखून दिली होती. १९२४ साली ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन आपला संघ काढला. काळा कोंबडा ही त्याची खूण. एवढे ऐकून वाटेल, नजर जाईल तिथवर द्राक्षबागाच असतील. तसे नाही. सुमारे ७० हजार हेक्टरांच्या त्या पट्ट्यात निम्म्याहून जास्त जंगल आहे. द्राक्षे दहाव्या हिश्श्याच्या आसपास, मधून मधून ऑलिव्हची झाडे. आणि जंगल, बाग, घर यांना जोडणाऱ्या खडीच्या वाटा. डांबर नाही. चुनखडीच्या दगडाची खडी दाबून बसवलेली, उन्हात पांढरीफटक दिसते. म्हणून तिकडे त्यांना पांढऱ्या वाटाच म्हणतात.

या वाटा हवा खायला येणाऱ्यांसाठी झाल्या नव्हत्या. तिथे शेकडो वर्षे बटईची शेती होती. जमीन मालकाची, राबणे कुळाचे, पीक अर्धे अर्धे. कुळाचे घर गावात नसे, ज्या जमिनीवर राबायचे तिथेच टेकडीवर असे. तिथून मालकाच्या वाड्यापर्यंत धान्य, द्राक्षे, तेल पोचवायला बैलगाडीची वाट लागे. बैल कियानिना जातीचे, आपल्या गवळाऊसारखे पांढरे, पण उंचीला चांगलेच जास्त. द्राक्षाची बागही आजच्यासारखी नव्हती. वेल झाडांवर चढवायचे, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात गहू पेरायचा. कपाशीत तूर आणि ज्वारीच्या ओळी टाकणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. एक पीक बुडाले तर दुसरे हाताशी राहते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे मोडले. कारखान्यात रोख पगार मिळू लागला, तशी पोरे टेकड्या सोडून शहरात गेली. १९६४ साली कायद्याने बटईचे नवे करार बंद केले, १९८२ च्या कायद्याने जुन्या करारांचे खंडात रूपांतर करायची सोय झाली. पण तोवर कितीतरी घरांना कुलुपे लागली होती. ज्याच्यासाठी कायदा झाला तो माणूसच शेतात उरला नाही, हे आपल्यालाही नवे नाही. बैल गेले, झाडावरचे वेल गेले, ट्रॅक्टर फिरेल अशा सरळ ओळींच्या बागा आल्या. वाटांना विचारणारे कोणी राहिले नाही. काहींवर झुडपे माजली, काहींवर डांबर पडू लागले.

आता सायकल येते. जानकार्लो ब्रोची नावाच्या तिथल्याच गृहस्थाने १९९७ साली गाइओले या छोट्या गावातून सायकलफेरी काढली. नाव 'लेरोइका', म्हणजे वीरांची फेरी. हेतू सरळ होता: या पांढऱ्या वाटा डांबराखाली जाऊ द्यायच्या नाहीत. पहिल्या वर्षी ९२ माणसे आली. पुढे हा आकडा ५ हजारांच्या वर गेला. अट अशी की सायकल जुनी पाहिजे, १९८७ च्या आधी बनलेली. सर्वांत लांबचा पल्ला २०० किलोमीटरच्या वर. तो धरणारे अंधारातच निघतात आणि ब्रोलिओच्या गढीचा चढ दिव्यांच्या उजेडात चढतात. त्या गढीचा एक मालक, रिकासोली, इटलीचा पंतप्रधान होता. कियांतीच्या दारूचे प्रमाण त्यानेच १८७२ साली लिहून ठेवले. २००७ पासून त्याच वाटांवर पगारी खेळाडूंची मोठी शर्यतही होते, सिएनाच्या चौकात संपते. एरवीही वर्षभर खुणा लावलेल्या वाटेने लोक जातात. मोटारीला बंदी आहे असे नाही, पण धूळ आणि खडी खायला मोटारवाला सहसा येत नाही. दोन बाजूंना द्राक्षे, मग जंगल, आणि कानावर फक्त चाकाखालच्या खडीचा आवाज.

वाटेत खायला काय देतात? शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी एकत्र शिजवलेले सार. दारूत भिजवून साखर लावलेला पाव. हे कुळाच्या घरचे अन्न. आपल्याकडे शिळी भाकर कालवणात कुस्करतात, त्यातलाच प्रकार. एके काळी लाज वाटावी असे होते, आज पाहुणे चवीने खातात.

इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे, कारण गोष्ट गोड होत चालली. फायदा कोणाला झाला? पडकी घरे बहुतेक बाहेरच्या पैसेवाल्यांनी घेतली. ज्याच्या आज्याने त्या वाटेवर बैल हाकले, त्याचा नातू शहरात भाड्याने राहतो. हे पांढऱ्या वाटांनी थांबवले नाही, सायकलींनीही नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी नीट केली. १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्याला पाहुणे ठेवायला मुभा दिली, पण मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे ही अट घातली. शेत दाखवायचे तर आधी शेत पिकले पाहिजे. नुसत्या पाहुण्यांच्या जिवावर गाव जगेल असे आम्हाला कोणी सांगितले तर आम्ही मानणार नाही.

मग आम्ही ही गोष्ट का सांगितली? उद्या आपल्या शिवारात गोऱ्या लोकांच्या सायकली येतील म्हणून नव्हे. तिथे वाट मोडायला शेतकरी निघून जावा लागला. आपल्याकडे शेतकरी जागेवर असताना वाट मोडते आहे, आणि मोडणारा परका नाही. दर नांगरटीला अर्धा तास इकडून, अर्धा तास तिकडून. गाडी जायची तिथे आता बैल आडवा उभा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास पाऊस लागला की वेचलेला कापूस डोक्यावरून काढावा लागतो. मायबहिणींनो, ते डोके कोणाचे असते, हे आम्ही सांगायला नको.

कियांतीची जमीन दगडाळ, वाट तिथल्याच दगडातून होते. आपली काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर नुसती खडी टाकली तर दोन पावसाळ्यांत गिळून टाकते. आधी दोन्ही बाजूंना चर, मग मधे उंचवटा, मग मुरूम. चराला जागा हवी, आणि जागा तर बांधाने खाल्लेली. म्हणून मुरमाची मागणी करण्याआधी रुंदी मोजावी लागेल.

वाट कोणी अडवली तर तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली दावा टाकता येतो. तो अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत टाकावा लागतो. ज्याला शेतात जायला वाटच नाही, त्याने १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागावी. पण भावाभावांत तारखा लावण्याआधी एकदा नकाशा समोर ठेवून बसावे, असे आमचे मत आहे. आमच्या स्वतःच्या धुऱ्यावर आम्ही टेप लावला, तेव्हा दोन हात पाणंद आमच्याच तुरीत निघाली. ती तूर काढल्यावर सोडली.

मांडवाबाहेर टेबलावर गावनकाशांच्या प्रती ठेवल्या आहेत. जेवणाआधी आपापल्या गावाचा पाहून घ्या, आणि पाणंद कोणत्या गट नंबरापासून बंद आहे ते वहीत लिहा.