कोसळलेल्या प्रोग्रामचा पंचनामा

एखादा प्रोग्राम मध्येच कोसळला, की त्या क्षणी त्याच्या स्मृतीत जे काही होतं त्याची प्रत लिनक्स फाइलीत उतरवून ठेवू शकते. हिला कोअर डंप म्हणतात. पूर्वी संगणकाची स्मृती चुंबकाच्या बारीक कड्यांची असे, त्या कड्या म्हणजे कोअर. कड्या गेल्या, नाव राहिलं. आम्हा दुरुस्तीवाल्यांना ही फाइल म्हणजे पंचनामाच.

सावनेरच्या एका जिनिंगमध्ये हा पंचनामाच होत नव्हता. ऐन कापसाच्या हंगामात वजनकाट्याचा प्रोग्राम दिवसातून दोन-तीनदा बंद पडे. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागे, नोंद अर्धवट राहिली की शेतकरी आणि मुनीम यांच्यात वजनावरून जुंपे. संगणकावर सेंटओएस ५, जिची देखभाल ३१ मार्च २०१७ लाच थांबली. ‘नवीन टाका’ म्हणणं सोपं असतं. हा प्रोग्राम नव्यावर चालत नव्हता आणि तो लिहिणारा केव्हाच गाव सोडून गेला होता.

डंपच्या आकाराची मर्यादा बहुधा शून्य असते. ती वाढवली, तरी फाइल नाही. काट्याची केबल वाचता यावी म्हणून हा प्रोग्राम, बटण कोणीही दाबो, रूटच्या म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या हक्काने चाले. अशा प्रोग्रामच्या स्मृतीत पासवर्डही असू शकतात, म्हणून लिनक्स त्याचा डंप मुद्दामच देत नाही. याला बिघाड म्हणू नये, तो पहारा आहे.

पहारा उठवायची सोय आहे. तिथे १ आकडा दिला तर डंप साध्या वापरकर्त्याच्या हाती पडतो, २ दिला तर तो फक्त रूटला वाचता येतो. पण जुन्या लिनक्सवर २ सुद्धा जपूनच. फाइल कुठे पडेल याचा पूर्ण पत्ता देण्याची सक्ती २०१२ च्या ३.६ आवृत्तीपासूनची. २००६ मध्ये तर याच सोयीतलं एक भगदाड सापडलं होतं : साधा वापरकर्ता रूटच्या नावाचा डंप ठरल्या वेळच्या कामांच्या फोल्डरमध्ये पाडून अख्ख्या यंत्राचा ताबा घेऊ शके. २.६.१७.४ मध्ये ते बुजवलं.

आम्ही डिस्कची प्रत दुसऱ्या संगणकात घातली, नेटवर्क काढलं, कुलूपबंद फोल्डरचा पत्ता देऊन २ लावला आणि तो काट्याला जोडला. दुपारी डंप मिळाला. केबलमधल्या खरखरीने दोन वजनं चिकटून एकच लांब ओळ होई. ती ठेवायच्या जागेत मावत नसे. केबल बदलून मोटारीपासून दूर नेली.

मुनीमजींनी विचारलं, ‘‘साहेब, ती फाइल ओळखीच्या संगणकवाल्याला ईमेल करून ठेवू का?’’ मी आधी ती पुसली, २ चा पुन्हा ० केला, आणि मग चहा घेतला.