पोटाचं दुखणं आणि मनावरचं ओझं



आजचा विषय चारचौघांत काढायला संकोच वाटतो, म्हणूनच तो रेडिओवर काढतोय. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला पळायला लावणारा, कधी रक्त पडणारा, बरा झाला म्हणेपर्यंत पुन्हा उचल खाणारा आतड्यांचा आजार. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचे दोन मुख्य प्रकार. दोन्ही मिळून आयबीडी. आयबीएस हा वेगळा आजार, त्यात आतड्याला अशी सूज आणि जखमा नसतात. आणि आयबीडी हा फक्त गोऱ्यांचा आजार आहे असंही समजू नका. लेस्टरमध्ये झालेल्या अभ्यासांत भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळलं होतं.

या आजाराची गोळ्या-इंजेक्शनांची बाजू तुमचे डॉक्टर सांगतातच. मी बोलणार आहे मनाच्या बाजूबद्दल.

पहिली गोष्ट. "फार टेन्शन घेतोस, म्हणून पोट बिघडतं," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित घरच्यांकडूनच. एके काळी मोठमोठे डॉक्टरही असंच मानत. 1950 साली शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनातल्या संघर्षातून होणाऱ्या सात आजारांत अल्सरेटिव्ह कोलायटिस धरला होता. आज तसं मानत नाहीत. आनुवंशिकता, प्रतिकारशक्तीचं बिनसणं, आतड्यातले जीवाणू आणि आजूबाजूची परिस्थिती यांतून हा आजार होतो. तुमच्या स्वभावामुळे तो झालेला नाही. तेव्हा तो दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नका.

पण याचा अर्थ मनाचा काहीच संबंध नाही, असाही नाही. मेंदू आणि आतडी यांच्यात नसांमधून आणि हार्मोन्समधून सतत निरोपांची ये-जा चालू असते. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. आजार असलेल्या माणसाला ताणाच्या दिवसांत त्रास जास्त जाणवतो, आणि त्रास वाढला की ताण आणखी वाढतो. शिवाय सूज उतरवायला दिलेली स्टेरॉइड्स झोप उडवतात, चिडचिड वाढवतात. रक्त कमी झालं की थकवा येतो, आणि लोकांना तो आळस वाटतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा आयबीडीच्या रुग्णांत साधारण तिघांमागे एकाला चिंतेची आणि चौघांमागे एकाला नैराश्याची लक्षणं दिसली. म्हणजे असं वाटणारे तुम्ही एकटे नाही.

आता आपल्या माणसांबद्दल. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करणं हे प्रेम, आणि ताटातलं टाकणं हा अपमान. गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये दोनच टॉयलेट आणि बाहेर रांग. मग माणूस काय करतो? "ऑफिसात काम आहे" सांगून जाणंच टाळतो. ट्यूबऐवजी गाडी काढतो. बाहेर पडायचं असेल तर सकाळपासून उपाशी राहतो. हळूहळू जग लहान होत जातं, आणि लोक म्हणतात, "हल्ली फार तुटक वागतो." आजाराइतकीच ही लपवाछपवी माणसाला थकवते.

म्हणून एक वाक्य तयार ठेवा: "मला आतड्याचा जुनाट आजार आहे. मधेच उठून जावं लागतं, जेवणाचा आग्रह करू नका; बाकी मी मजेत आहे." एवढं पुरे. सगळा तपशील कुणाला देणं लागत नाही. आधी एकाच विश्वासू माणसाला सांगून बघा. आणि ऐकणाऱ्यांनो, तुम्ही "अमक्या वैद्याचा काढा घे" म्हणू नका. "काय केलं तर तुला सोपं जाईल?" एवढंच विचारा.

मदत हाताशी आहे. क्रोन्स अँड कोलायटिस यूके ही संस्था हेल्पलाइन चालवते, आणि 'कान्ट वेट' कार्ड देते. दुकानात ते दाखवून टॉयलेट वापरू देण्याची विनंती करता येते. रडार चावीने देशभरातली हजारो अपंगांसाठीची टॉयलेट उघडतात. आजाराचा रोजच्या जगण्यावर दीर्घकाळ मोठा परिणाम होत असेल, तर 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टखाली कामाच्या ठिकाणी वाजवी सवलती मागता येतात: टॉयलेटजवळचं टेबल, अपॉइंटमेंटसाठी वेळ.

मनासाठी इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, दुभाषाही मागता येतो. अशा उपचारांनी आतड्याची सूज उतरते असं नाही, पण चिंता हलकी होते, दिवस सुसह्य होतो. म्हणूनच समुपदेशन चालू आहे म्हणून औषध मात्र बंद करू नका. रक्त, ताप किंवा दुखणं वाढलं तर "ताण असेल" म्हणून थांबू नका, आयबीडी नर्सला लगेच कळवा. आणि जगणंच नकोसं वाटलं, तर रात्र असो वा दिवस, समॅरिटन्सचा 116 123 हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे.

पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टर विचारतील, "पोट कसं आहे?" त्याचं उत्तर द्या, आणि न विचारता पुढचंही सांगा: झोप लागते का, भीती वाटते का, घराबाहेर पडता का. तेही तुमच्या आजाराचंच वर्णन आहे.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.