पैजेची हवेली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उतरत्या लाकडी पाटावर खिळ्यांच्या मधून गोळ्या सोडण्याचा बॅगाटेल हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळला असेल. पॅरिसजवळच्या एका विलासी हवेलीवरून या खेळाला हे नाव मिळालं, असं सांगतात. फ्रेंचमध्ये या शब्दाचा उच्चार होतो ‘बागातेल’ आणि अर्थ होतो क्षुल्लक गोष्ट. या ‘क्षुल्लक’ हवेलीची हकिगत मी आज सांगणार आहे.

पॅरिसच्या पश्चिमेला ब्वा द बुलोन्य नावाचं विस्तीर्ण वनोद्यान आहे. तिथलं एक मोडकळीला आलेलं छोटं घर काउंट द आर्त्वा यानं १७७५ मध्ये विकत घेतलं. हा राजा सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ. ते पाडून थोड्याच आठवड्यांत नवी हवेली उभारून दाखवतो, अशी पैज त्यानं १७७७ मध्ये आपल्या भावजयीशी, राणी मारी आंत्वानेतशी मारली. पैज एक लाख लिव्हरची! त्याच वर्षी सँ ल्युबँ हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणविसांशी बोलणी करत होता, एवढं सांगितलं की काळ लक्षात येईल. वास्तुशिल्पी बेलांजेनं सुमारे ९०० कामगार लावले आणि ६४ दिवसांत हवेली उभी राहिली. ‘लहान, पण सोयीचं’ अशा अर्थाचं लॅटिन वचन दारावर कोरलं गेलं.

आता या घाईची दुसरी बाजू पाहा. दगड-चुना अपुरा पडू लागला, तेव्हा काउंटच्या शिपायांनी रस्त्यांवर पहारे बसवून मालाच्या गाड्या अडवल्या. पैसे दिले जात. पण तो माल आधीच दुसऱ्या कुणी तरी विकत घेतलेला असे. लोक संतापले. ऑस्ट्रियाच्या वकिलानं ही गोष्ट राणीच्या आईला, सम्राज्ञी मारिया थेरेसाला पत्रानं कळवली. पैजेतली गंमत माझ्यापुरती इथंच संपते. ज्यांचा चुना वाटेतच अडला, त्यांची घरं किती दिवस अपुरी राहिली असतील?

१७८९ मध्ये क्रांती झाली आणि बास्तीय पडताच काउंटनं देश सोडला. हवेली सरकारजमा झाली. ती पाडली गेली नाही, कारण तिला नवा उपयोग सापडला. तिथं उपाहारगृह निघालं, जत्रा-जलसे भरू लागले. पुढे नेपोलियननं ती ताब्यात घेतली. राजेशाही परतल्यावर ती पुन्हा आर्त्वाच्या घराण्याकडे आली. आर्त्वा स्वतः १८२४ मध्ये दहावा चार्ल्स म्हणून गादीवर बसला आणि १८३० च्या उठावात पदच्युत झाला.

१८३५ मध्ये एका इंग्रज उमरावानं, म्हणजे पुढे हर्टफर्डचा चौथा मार्क्विस झालेल्या गृहस्थानं, ती विकत घेतली. १८७० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ती रिचर्ड वॉलेसकडे आली. त्यानंतर काही आठवड्यांतच प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. वॉलेस शहर सोडून गेला नाही. त्यानं जखमींसाठी आणि गरिबांसाठी पदरचा पैसा खर्च केला. वेढ्यानंतर पिण्याच्या पाण्याचे हाल पाहून त्यानं १८७२ मध्ये रस्तोरस्ती कारंजाच्या रूपातल्या पाणपोया उभारून दिल्या. चार स्त्रीमूर्तींनी छत्र पेललेल्या त्या हिरव्या पाणपोया आजही पॅरिसमध्ये वाटसरूंना पाणी देतात. १८९० मध्ये वॉलेसचा मृत्यू झाला तो याच बागातेलमध्ये.

१९०५ मध्ये पॅरिस नगरपालिकेनं ही मालमत्ता विकत घेतली. पुढच्याच वर्षी जवळच्या मैदानावरून सांतोस-द्यूमाँनं आपलं विमान उडवलं. नगरपालिकेच्या फोरेस्तिए या उद्यानतज्ज्ञानं इथं गुलाबबाग फुलवली आणि १९०७ पासून गुलाबाच्या नव्या जातींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा इथं सुरू झाली.

राजवाडे, हवेल्या पाहताना आपण नेहमी विचारतो, हे बांधलं कुणी? माझ्या मते आणखी एक प्रश्न विचारायला हवा : हे पुढे कुणाच्या उपयोगी पडलं? बागातेल चार माणसांच्या मौजेसाठी, इतरांचा माल अडवून उभी राहिली. ती टिकली, कारण मालक बदलत गेले तसा तिचा उपयोगही बदलत गेला. आज तिथल्या गुलाबांसमोर बसायला राजघराण्यातलं असावं लागत नाही. आर्त्वानं लावलेल्या पैजेत ही अट नव्हती.